मेदेचा वर

कृतयुग सरत आले होते, तेव्हाची ही कथा. प्राणिमात्रांच्या उदरात वसणारा वैश्वानर अग्नी आपल्या कर्माला पुरता विटला होता. त्या काळी देहात साठवण अशी नव्हतीच. अन्न आले की तो जाळी, संपले की भुकेचा आक्रोश मांडी. त्यामुळे राजे सिंहासनावर आणि ऋषी यज्ञमंडपातही अखंड चर्वण करीत असत.

मग द्वादशवर्षीय अवर्षण पडले. अन्न सरले, आणि वैश्वानर देहांतील मांस जाळू लागला.

"ज्या घरात राहतोस, त्याचेच खांब जाळतोस?" अस्थिपंजर झालेले शाकायन ऋषी क्षीण स्वरात म्हणाले.

"मग काय जाळू, मुनिवर? विझलो तर तुम्ही मराल, जळत राहिलो तरी मराल!" असे म्हणून तो संतापाने सत्यलोकी गेला.

ब्रह्मदेवांनी मेदा नावाची सुवर्णकांती, मंदगामिनी कन्या निर्माण केली. उरलेले अन्न तिने राखावे आणि संकटात अग्नीला पुरवावे, अशी आज्ञा झाली. "परंतु केव्हा द्यायचे, हे मीच ठरवीन," असा वर तिने मागितला. उतावळ्या वैश्वानरानेच आधी "तथास्तु" म्हटले!

पुढल्या अवर्षणात मेदेने थेंबथेंब देऊन सर्वांना तगवले. शाकायन स्वतःच्या पायांनी नदीवर जात. पुढे मात्र सुकाळ आला, आणि राजा प्रभूतसेन इतका स्थूल झाला की बारा भोयांनाही त्याची पालखी उचलेना. श्वास कोंडून तो विनवू लागला, "अग्निदेवा, हा भार जाळा!"

वैश्वानराने मेदेचे द्वार ठोठावले. "उघड!"

"जठरात अन्न आहे ना? आधी ते जाळ."

"अगं, हा दिवसातून सहा वेळा जेवतो! आणि दुष्काळ संपला!"

"पुढचा केव्हा येईल, ते सांग."

वैश्वानर पुन्हा सत्यलोकी धावला. ब्रह्मदेवांनीही दिलेला वर परत घेता येत नाही म्हणून हात झटकले.

"राजन्, पालखीतून उतर," परत आलेला वैश्वानर कपाळावर हात मारून म्हणाला, "आणि एका भोजनावर राहून चाल!"

राजा चालला, घामाघूम झाला, चिडला, भुकेने कळवळला. जठरातील अन्नरस संपला, तेव्हा कुठे मेदेने द्वार बोटभर किलकिले केले. पालखीत न बसता त्याला राज्याच्या सीमेपर्यंत जाता यायला पुरते वर्ष लागले.

तेव्हापासून मेदा प्रत्येक देहात आनंदाने घेते आणि कुरकुरत देते. दुष्काळ संपला आहे, हे तिला आजवर कोणालाही पटवता आलेले नाही.