दहा शब्दांची ओळ

“...मग अशा माणसाला देवाच्या घरात उभं तरी का करायचं, हजानकाका?”

मनश्शेचा आवाज चढला होता. नगरपालिकेच्या निवडणुकीत तो सतरा मतांनी पडला होता आणि पाडणारा परका नव्हता. लहानपणापासून शेजारी उभा राहून प्रार्थना म्हणणारा रहमिम. विरुद्ध पक्षाच्या सभेत त्याने भोंग्यावरून सांगितलं होतं, “मनश्शे म्हणजे नुसतं तोंड. काम शून्य.”

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे म्हातारे एल्लोजी हजान दिव्यात खोबरेल ओतत होते.

“खाडीकाठी आपण बेने इस्रायली मूठभर. त्यात घरभेदी कशाला? प्रार्थनेच्या यादीतून नाव काढा त्याचं.”

“काढलं.”

तासभर वाद घालायच्या तयारीने आलेला मनश्शे गडबडलाच.

“इतक्या लवकर?”

“सकाळी एकाचं काढलं ना... हात बसलाय.”

“कोणाचं?”

हजानांनी वात पुढे सरकवली.

मनश्शेने ताणलं नाही. आज त्याच्या वडिलांची, दाऊदकाकांची, पुण्यतिथी होती. ऊन उतरलं की त्यांच्या नावाने काद्दिश म्हणायचं, आणि त्याला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती प्रार्थना होत नाही, मग ते नऊ जण कितीही धर्मात्मे असोत. एवढी साधी गोष्ट रागाच्या भरात तो साफ विसरला होता.

ऊन उतरलं. माणसं आली, टोप्या सावरून उभी राहिली.

देवाच्या लेकरांना आकड्यांनी मोजू नये अशी रीत. म्हणून हजान दहा शब्दांची हिब्रू ओळ म्हणत, माणसामागे एक शब्द. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली. तुझ्या लोकांना तार... आशीर्वाद दे... त्यांचा सांभाळ कर... बोट एकेकावरून पुढे सरकत होतं.

ते मनश्शेपाशी आलं आणि त्याला ओलांडून गेलं.

“त्यांना उचलून घे...” आठवा शब्द. हजान थांबले.

“काका, मी राहिलो.”

“सकाळी रहमिम आला होता. म्हणाला, मनश्शेचं नाव काढा. काढलं.”

ओळीत फक्त ‘सर्वकाळ’ म्हणायचं उरलं होतं. हिब्रूत त्याचे दोन शब्द होतात.

मनश्शे रहमिमला धडा शिकवायला निघाला होता, आणि काद्दिशविना राहणार होता त्याचा बाप. मान खाली घालून तो दाराशी गेला.

पायरीवर रहमिम बसला होता, टोपी हातात.

“तू इथे?”

“दाऊदकाकांनी मला खाडीत पोहायला शिकवलं. त्यांचा दिवस चुकवू? पण माझं नाव काढलंय म्हणे.”

“माझंही काढलंय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी रहमिमला हसू फुटलं, मग मनश्शेला.

“पुढच्या खेपेलाही मत देणार नाही हं तुला.”

“मागितलंय कोणी? चल आत.”

हजानांनी ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून धरली. या वेळी ती पुरी झाली. मनश्शेने काद्दिश म्हटलं, आणि सगळ्यांत मोठं ‘आमेन’ शेजारून आलं. त्याला भरून आलं. बाबांनीही ऐकलं असेल, असं वाटलं.

निघताना त्याने खरं ते सांगून टाकलं.

“काका, आमचं भांडण मिटलेलं नाही.”

“मिटवा म्हणून सांगितलं कोणी?” हजान दिवा पुसत म्हणाले. “उद्या प्रार्थना झाली की कडाकडा भांडा... फक्त वेळेवर या. दोघंही.”