सुताराचा साचा

फार जुनी गोष्ट. राजे किती झाले आणि किती गेले, कोणी सांगू शकणार नाही, पण पाण्यावाचून माणसाचं तेव्हाही चालत नव्हतं. डोंगरापलीकडच्या एका गावात ऐन उन्हाळ्यात विहिरीवरच्या रहाटाचं चाक मोडलं. त्या चाकावर गावाचे पानमळे जगत होते.

काम गावच्या सुताराकडे आलं. गडी हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. चाकाची कड लाकडाचे तिरके तुकडे जोडून होते, आणि प्रत्येक तुकडा डोळ्याने जोखून कापायचा म्हणजे वेळखाऊ काम. म्हणून त्याने तीन फळ्या ठोकून साचा म्हणून एक पन्हळ केली आणि तिच्या दोन्ही भिंतींना तिरक्या खाचा पाडल्या. लाकूड पन्हळीत ठेवायचं, करवत खाचेत घालायची. करवतीला हलायला वावच नाही! तुकडे असे निघाले की एक झाकावा आणि दुसरा दाखवावा.

त्याची आई उभा जन्म नवऱ्याबरोबर करवतीचं दुसरं टोक ओढत आलेली. ती म्हणाली, "लेका, आधी टाकाऊ लाकडाचं एक चाक जुळवून बघ की."

"आये, साच्यात चूक नसती."

"साच्यात नसंल. साचा करणाऱ्यात असती ना!"

तो हसला. तेवढ्यात शेजारच्या गावांचे सुतार आले. त्यांचेही रहाट खिळखिळे झाले होते. ते सारखे तुकडे पाहून त्यांनी तोंडात बोटं घातली, साच्याबरहुकूम आपापले साचे करून घेतले आणि आनंदाने घरी गेले.

मग याने चाक जुळवलं. शेवटच्या जोडाशी बोटभर फट राहिली. खाचा केसभर चुकल्या होत्या, आणि तेच केसभर प्रत्येक तुकड्यात उतरलं होतं. त्याने फटीत पाचर ठोकली. भरल्या पोहऱ्यांचं ओझं येताच ती उडाली आणि चाक सुटं झालं.

सुतार विखुरलेले तुकडे गोळा करू लागला.

"आपलं लाकूड गेलं ते गेलं," आई म्हणाली. "त्यांचं अजून वाचंल. पळ!"

"लोक हसतील गं मला."

"हसू दे. पण त्यांनी करवत चालवली, तर रडतील."

तो उन्हातान्हात गावोगाव धावला. "माझा साचा चुकलाय, कापू नका," असं प्रत्येक दारात सांगताना त्याची मान खाली जाई. बहुतेक गावांचं लाकूड वाचलं, आणि त्यांनीच आपल्यातलं थोडं थोडं काढून त्याच्या गावाच्या चाकाची सोय केली.

शेवटच्या गावी मात्र तो पोचला तेव्हा अंगणात कापलेल्या तुकड्यांचा ढीग पडला होता. सगळे अगदी सारखे, आणि सगळे चुकलेले. तिथे दुसरं सुकं लाकूड नव्हतं, आणि बाकीच्या गावांकडेही आता द्यायला उरलं नव्हतं. सुतार तिथेच राहिला आणि उन्हाळाभर खांद्यावरच्या कावडीने वेलींना पाणी घालत राहिला. तरी मळा वाळला. त्याला कोणी दोष दिला नाही, आणि तेच त्याच्या काळजाला फार लागलं.

तात्पर्य: चुकीचा तुकडा एकदाच वाया जातो, पण चुकीचा साचा जाईल तिथे तीच चूक कापतो, म्हणून दुसऱ्याला वळण लावण्याआधी आपलं माप तपासून घ्यावं.