नव्या नळीची तडतड

“ही नवी आली आणि पेटीत तडतड सुरू झाली,” थोरली नळी शेजारणीला हळूच म्हणाली. नवीला ते ऐकू गेलंच. एका पेटीत नांदायचं म्हटल्यावर कुजबुज लपते कुठे?

गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीत काचेच्या पेटत्या नळ्या असत, तेव्हाची ही गोष्ट. मोहरी फुटावी तशी तडतड उठली, की सगळ्या नळ्या नवीकडे बघत. नवी आणखीच अंग चोरून बसे. काढून टाकलं तर जायचं कुठे, हीच तिला धास्ती.

एके सकाळी पेटी दुरुस्त करायला बसलेल्या फर्नांडिस मिस्त्रींनी आधी तिलाच उपसून टेबलावर ठेवलं.

“सुटलो बाई!” थोरली म्हणाली.

पण पेटी लावली, तर तडतड होतीच. मिस्त्री पेन्सिलीने एकेका नळीला टिचकी मारत गेले. थोरलीला पेन्सिल लागली मात्र, कडाडकन आवाज झाला! तिच्या पायांशी मळ साचला होता. मिस्त्रींनी तो खरवडला आणि नवीला जागेवर बसवलं.

पेटी शांत झाली. कुणी नवीकडे बघेना. शेवटी तीच म्हणाली, “जाऊबाई, तो मळ मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पण मला कुणी काही विचारतच नव्हतं.”