जाळ्याची पाठवणी

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा राजा कोण होता हे आता समुद्रालाही आठवत नसेल. खाडीच्या मुखाशी कोळ्यांचं एक गाव होतं. चाळीस घरं, चाळीस होड्या. बायका जाळी विणायच्या, पुरुष ती समुद्रात टाकायचे, आणि दोघांच्या कष्टांवर चुली पेटायच्या.

त्या गावात एक रीत होती. पावसाळा सरला, पाणी निवळलं, की वर्षभर राबून फाटलेलं जाळं घरात ठेवायचं नाही. त्याची पाठवणी करायची, लेकीची करतात तशी. त्याला हळदकुंकू लावायचं, काठाला एक हिरवी बांगडी बांधायची, होडीतून खाडीच्या मुखाशी काळ्या खडकापर्यंत न्यायचं आणि हलकेच पाण्यात सोडायचं. सोडताना घरातली मोठी बाई म्हणायची, "दमलीस बाई, विसाव आता. विरून जा."

जाळी तेव्हा अंबाडीच्या सुताची असायची, आणि ती खरंच विरून जायची. सूत कुजायचं, त्यावर शेवाळ धरायचं, शेवाळात मासे अंडी घालायचे. पुढच्या वर्षी शोधलंच, तर तळाशी नुसती बांगडी सापडायची. रीत चांगली होती. जिनं कुणी ती घालून दिली, ती बाई शहाणी होती.

मग एका वर्षी एक व्यापारी आला. त्याच्या पेटाऱ्यात पांढरं, काचेसारखं चमकणारं सूत होतं. "पाण्यात कुजत नाही, उन्हात विटत नाही, उंदीर तोंड लावत नाही," तो म्हणाला. एका म्हाताऱ्यानं ते दातांनी तोडून पाहिलं. सूत तुटलं नाही, दात मात्र हलला. सगळे हसले, आणि सगळ्यांनी ते सूत घेतलं.

सूत बदललं. रीत तीच राहिली.

नव्या सुताची जाळीही खडकांना घासून फाटायचीच, आणि फाटलेल्या जाळ्याची दरवर्षी पाठवणी व्हायचीच. हळदकुंकू, बांगडी, विरून जा. वरून पाणी पूर्वीसारखंच निळं दिसायचं. समुद्राच्या पोटात काय मावत नाही, असं म्हणत लोक होड्या वळवायचे.

अशी सात वर्षं गेली.

त्या गावात एक तरुण सून होती. ती फार दचकायची. भांडं पडलं की दचकायची, मागून कुणी हाक मारली की दचकायची. वारा सुटला तरी दचकायची, आणि वारा पडला तर जास्तच. म्हणून गावानं तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. पण जाळं विणावं तर तिनंच. तिच्या आईनं तिला एक गाठ शिकवली होती: तीन वेढे उजवीकडून, शेवटचा डावीकडून. ओढावी तेवढी ती आवळत जायची. सैल सोडून मागे सारली, तरच सुटायची. गावात तशी गाठ दुसऱ्या कुणाच्या हातची नव्हती.

अलीकडे टिटवीला एकच घोर लागला होता. खाडीत मासा मिळेनासा झाला होता. पूर्वी तिचा नवरा न्याहारीला घरी यायचा. आता होड्या किनारा दिसेनासा होईपर्यंत लांब जात होत्या, दरवर्षी आणखी लांब. संध्याकाळी ती वाळूत उभी राहून परतणारी शिडं मोजायची. एक कमी भरलं की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एक दिवस ते एक शीड येणारच नाही, असं तिला सारखं वाटायचं. कुणाला सांगून उपयोग नव्हता. टिटवीला काय, काहीही वाटतं.

पाठवणीला दोन दिवस राहिले होते. सकाळच्या ओहोटीला ती कोयती घेऊन कातळावर कालवं काढायला गेली. तेवढ्यात कुणीतरी श्वास टाकल्याचा आवाज आला. लांब, ओला, दमलेला. टिटवीच्या हातातली टोपली पडली.

"घाबरू नकोस," कातळाच्या खाचेतून आवाज आला. "मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेय."

खाचेत एक म्हातारी कासवीण अडकली होती. तिच्या मानेभोवती आणि पुढच्या उजव्या पायाभोवती पांढरं जाळं रुतलं होतं. जाळ्यात माशांचे काटे होते, एका पाणपक्ष्याचा पंख होता, आणि एक चिंबोरी अजून हळूहळू नांगी हलवत होती.

टिटवीनं कोयती चालवली. मान मोकळी झाली. पायाजवळ मात्र सूत मांसात गेलं होतं. तिथली गाठ तिनं बोटांनी चाचपली. तीन वेढे उजवीकडून, शेवटचा डावीकडून.

"हे माझं आहे," ती पुटपुटली. "पाच वर्षांपूर्वी पाठवणी केली याची. आम्हाला वाटलं, ते विरलं."

"विरतंय कुठलं," कासवीण म्हणाली. "तुमची सगळी जाळी खाली उभी आहेत, काळ्या खडकापासून पलीकडच्या कड्यापर्यंत, भिंतीसारखी. त्यांत मासा अडकतो आणि मरतो. त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. जाळं कुणी ओढत नाही, तो मासा कुणी रांधत नाही. तुम्ही घरी निजलेले असता, तेव्हाही तुमची जाळी मारतच असतात."

"मग खाडीत मासा येतो कुठून?"

"एक फट उरलीय. दोन होड्यांएवढी. पोटात अंडी असलेल्या माद्या तिथूनच आत जातात. मीही तिथूनच आले." तिनं आपल्या पायाकडे पाहिलं. "म्हणजे, आले असं म्हणायचं."

टिटवीनं मनाशी हिशेब केला. परवा चाळीस घरांची चाळीस जाळी आणखी सुटणार. फट बुजणार. खाडी रिकामी होणार, आणि तिच्या नवऱ्याची होडी आणखी लांब जाणार.

गाठ सैल करून तिनं ती मागे सारली. पाय सुटला, पण तो लुळा लोंबत राहिला. कासवीण तीन पायांनी पाण्यात सरकली आणि दिसेनाशी झाली.

कापलेल्या जाळ्याचा तुकडा घेऊन टिटवी घरी धावली. सासू सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, सूप मात्र थांबवलं नाही.

"कासव बोललं?"

"हो, आई."

"मग त्याला विचारायचं होतंस, माझ्या सुनेचं दचकणं कधी थांबेल म्हणून."

"हे बघा ना, माझीच गाठ आहे."

"एक जाळं भरकटलं असेल गो. म्हणून काय रीत मोडायची? माझ्या सासूनं तिच्या हातानं मला दिलीय ती."

किनाऱ्यावर गावचा पाटील होडीला तेल लावत होता. त्याच्याही कानावर गोष्ट गेलीच होती. "काय गो टिटवे," तो म्हणाला, "कासव आपल्या बोलीत बोललं की परगावच्या?"

"आपल्याच."

"मग खोटं. आपल्या गावचं असतं, तर आधी मासळीचा भाव विचारला असता." आजूबाजूचे पोट धरून हसले.

नवरा तेवढा हसला नाही. घरी आल्यावर तो हळूच म्हणाला, "मागच्या पंधरवड्यात मी खडकाजवळ नांगर टाकला होता. तो वर येईना. शेवटी दोर कापला."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर माझंही नाव पडलं असतं काहीतरी."

पाठवणीचा दिवस उजाडला. चाळीस होड्या काळ्या खडकाशी जमल्या. पहिला मान टिटवीच्या सासूचा होता. तिनं जाळ्याला कुंकू लावलं, बांगडी बांधली, जाळं दोन्ही हातांत उचललं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात टिटवीनं जाळ्याचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"सोड," सासू म्हणाली.

"नाही, आई. आता तुम्ही म्हणणार, विरून जा. हे विरणार नाही. आपण समुद्राच्या तोंडावर खोटं बोलतोय."

कुणी हसलं नाही. सासू चाळीस वर्षं ते शब्द म्हणत आली होती. तिनं सुनेवर तोंड टाकलं होतं, शेजारणीशी भांडली होती, पण समुद्राशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी आपल्या घरचं जाळं मी इथंच सोडलं. नांगर टाका. वर नुसती बांगडी आली, तर हिनं जन्मभर तोंड उघडायचं नाही."

"आणि जाळं आलं तर?" पाटलानं विचारलं.

"तर मी उघडणार नाही."

नांगर खाली गेला आणि लगेच अडकला. सहा जणांनी दोर ओढला. आधी पांढरा काठ वर आला. त्याला हिरवी बांगडी होती, जशीच्या तशी. त्यामागे जाळं आलं, आणि त्यात हाताएवढे रावस, पोट फुगलेले, मेलेले. त्यांच्या पोटांतली अंडी पाण्यावर सांडत होती. पहिल्या जाळ्यात दुसरं गुंतलं होतं, दुसऱ्यात तिसरं. होड्यांतून बायका वाकून पाहत होत्या आणि एकेकीला आपली गाठ ओळखू येत होती.

मग दोर पुढे येईना. होडी एका बाजूला कलंडली. "मी बघतो," म्हणत टिटवीच्या नवऱ्यानं पाण्यात उडी टाकली.

तो वर येईना.

बुडबुडे आले, मग कमी झाले. दोराला खालून झटके बसू लागले. "ओढा," पाटील ओरडला, "अडकलाय तो, ओढा."

"ओढू नका." टिटवीचा आवाज पाण्यावरून पार कड्यापर्यंत गेला. "ओढलं तर आवळेल. दोर सैल सोडा." आणि तिनं स्वतःला पाण्यात झोकून दिलं.

खाली पांढरी भिंत होती. तिला काही धड दिसत नव्हतं. अडकून मेलेल्या पाणपक्ष्याचा थंडगार पंख तिच्या गालाला लागला. ती दचकली, पण मागे फिरली नाही. नवऱ्याचा पाय हाताला लागला. सूत घोट्यापासून बोटांपर्यंत रुतलं होतं. तिनं गाठ चाचपली. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना दिसलं. तीन वेढे उजवीकडून, शेवटचा डावीकडून. तिनंच ओसरीवर बसून, गुणगुणत, घातलेली गाठ.

तिनं ती मागे सारली.

दोघांना वर घेतलं तेव्हा नवरा निळा पडला होता. तो खोकला, पाणी ओकला, आणि मग कुठे होड्यांतल्या लोकांनी श्वास सोडला. त्याच्या पायाची दोन बोटं मात्र राहिली नाहीत.

सासूनं शब्द पाळला. त्या दिवशी चाळीस होड्या चाळीस जाळी घेऊन परत फिरल्या, आणि "विरून जा" कुणीच म्हटलं नाही.

त्या हंगामात गावानं मासे कमी आणि जाळी जास्त धरली. होड्या जोडीनं जायच्या, दोर सैल ठेवून, एकेक गाठ सोडवत ती भिंत उतरवायच्या. कित्येक दिवस पेजेवर काढावे लागले. वर काढलेल्या जाळ्यांचे दोर वळले, परसाला कुंपणं केली, तरी ढीग उरलाच. व्यापारी आला तेव्हा पाटलानं तो ढीग त्याच्या बैलगाडीवर चढवला. "सूत नवं देशील, तर जुनं परत नेशील," तो म्हणाला. "नाहीतर आम्हाला अंबाडी आहेच." व्यापारी कुरकुरला, पण घेऊन गेला. निम्म्या घरांनी पुन्हा अंबाडीच धरली. आणि वाटेत तरंगतं काही दिसलं, तर ते न उचलता होडी किनाऱ्याला लावायची नाही, असं ठरलं.

पाठवणी बंद झाली नाही. फक्त आता तळहाताएवढं अंबाडीचं जाळं सोडतात. ते पहिल्यांदा सोडलं, तेव्हा टिटवीनंच विनवलं म्हणून सासूनं तोंड उघडलं आणि पुन्हा ते शब्द उच्चारले.

मासा लगेच आला नाही. तिसऱ्या वर्षी थोडा आला, पाचव्या वर्षी बरा आला, पण पूर्वीसारखा काही आला नाही. म्हातारी कासवीण एकदा दिसली. पाण्यात ती एका बाजूला झुकून पोहत होती, आणि किनाऱ्यावर टिटवीचा नवरा लंगडत चालता चालता तिच्याकडे बघत होता.

टिटवी अजूनही दचकते. अजूनही संध्याकाळी शिडं मोजते. पाटील कधीकधी म्हणतो, "टिटवी समुद्र आटवते म्हणतात, आमच्या टिटवीनं राखला." पण ती दचकली, की आता गाव हसत नाही. आधी समुद्राकडे बघतं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे विरत नाही ते समुद्राच्या ओटीत घालू नये, त्याची गाठ फिरून आपल्याच पायाला बसते.