फुगलेला बोर्ड

“ते सगळं खरं, माई. पण भीती जाते कशी?”

हेरंबनं पुन्हा तेच विचारलं. माईंची मठी खाडीच्या अगदी काठावर, आणि हा पठ्ठ्या बसला होता मुद्दाम खाडीकडे पाठ करून.

आता गंमत बघा, या खाडीत पॅडल बोर्ड शिकवणारा हेरंबच. हवा भरून फुगवायचा लांबट बोर्ड, त्यावर उभं राहून वल्हं मारत जायचं. लोकांना पाण्यावर उभं करतो म्हणून याची ऐट काय विचारता! माईंकडे यायचा तोसुद्धा त्यांनाच चार गोष्टी सांगून जायचा. ती ऐट गेल्या उन्हाळ्यात उतरली.

त्या दिवशी अकरा वर्षांच्या लेकीला, दुर्वाला, पुढे बसवून तो निघाला होता. लाइफ जॅकेट गाडीतच राहिलं होतं. जातो तर इथल्या इथं, म्हणून परत फिरला नाही. भर ओहोटीत बोर्ड मऊ पडला, मधोमध वाकला आणि पोरगी पाण्यात गेली. तिचं मनगट हाताला लागेपर्यंत याच्या जिवात जीव नव्हता.

हवा दुर्वानं भरली होती. झाकण तिनंच लावलं होतं, आणि ते अर्धवट बसलं होतं.

तेव्हापासून हेरंबनं तिला पंपाला हात लावू दिला नाही. बोर्डातली हवाही काढली नाही. काढली आणि पुन्हा नीट भरली गेली नाही तर... या धास्तीनं बोर्ड घरात तसाच, फुगलेला उभा. उठता-बसता तो अंगठ्यानं दाबून बघायचा. आजही नजरेआड नको म्हणून जीपच्या टपावर दोरीनं आवळून फुगलेलाच आणला होता.

“गाडीत कोण बसलंय?” माईंनी विचारलं.

दुर्वा होती. एवढ्या उकाड्यात लाइफ जॅकेट घालून, सगळे पट्टे करकचून आवळून.

“गाडीत बुडतं का रे कुणी?”

हेरंब ओशाळला. असू दे, सवय राहते, असं काहीतरी पुटपुटला.

तेवढ्यात टपावरून आवाज आला. बारीक, करकरल्यासारखा.

हेरंब धावत जीपशी गेला. ऊन चांगलंच चढलं होतं आणि बोर्डाला हात लाववत नव्हता, इतका तो तापला होता. कडेच्या जोडावर एक फुगवटा आला होता.

माई काठी टेकत मागून आल्या. शिकायला येतात त्यांना तू उन्हाचं काय सांगतोस, असं त्यांनी विचारलं.

हेरंबनं मान खाली घालून पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. उन्हात हवा फुगते, जोड सुटतो. लांब न्यायचा तर हवा काढायची, पुसून कोरडा करायचा, गुंडाळून पिशवीत घालायचा.

“आणि तू?”

हेरंब दोरीची गाठ चाचपत राहिला.

माई खिडकीशी वाकल्या. “दुर्वाबाळ, हवा कुठून जाते गं याची?”

दुर्वानं आधी बापाकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून बोट केलं, मागच्या टोकाच्या झाकणाकडे.

माईंनी हात वर करून झाकण फिरवलं. आतली खिट्टी बोटानं दाबली.

फुस्स...

हेरंबनं माईंचं मनगट धरलं. आजवर त्यानं त्यांच्या पायांखेरीज कुठे स्पर्श केला नव्हता. “नको, माई... तो आवाज नको.”

माईंनी बोट काढलं नाही. गाडीत दुर्वानं दोन्ही कान झाकून घेतले.

हवा जात राहिली. वरची दोरी सैल पडली. हेरंब जीपच्या चाकाला टेकून मातीतच बसला.

“हाच आवाज...” तो म्हणाला. “त्या दिवशी मी ऐकला होता, माई. काठ सोडण्याआधीच ऐकला होता. वारा असेल म्हणून सोडून दिलं... आणि पोरीला म्हणालो, तुझ्यामुळे झालं.”

दुर्वाचे हात कानांवरून कधी खाली आले होते कोण जाणे.

बोर्ड पार बसला, तेव्हा आवाज आपोआप थांबला.

मग हेरंब उठला. त्यानं बोर्ड सावलीत उतरवला, गोड्या पाण्यानं धुतला, कोरडा पुसला. झाकणाच्या आट्यात वाळू अडकली होती, ती फडक्याच्या टोकानं काढली. पुढच्या टोकाकडून गुंडाळत झाकणापर्यंत आणला. दुर्वा जवळ येऊन उभी राहिली होती. तिनं न सांगता पिशवीचं तोंड उघडून धरलं.

पिशवी खांद्यावर घेतली, तरी पाण्याकडे त्याचे पाय हलेनात. खाडी समोर होती आणि भरती लागली होती.

“माई, भीती आहे तशीच आहे हो.”

माईंनी जीपमधला पंप उचलला. तो दुर्वाच्या हातात दिला.

“असू दे. काठावरच उथळ पाण्यात बोर्ड घाला. हवा ही भरेल, झाकण हीच लावेल... पहिल्यांदा तू चढ.”