सोन्याचा डबा आणि साळुंकीचा प्रश्न

एका राज्यात, जिथे पाखरांना माणसांची भाषा येई आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, कुमुद्वती नावाची राणी होती. राणी शिकलेली, शहाणी. पण पोटात सदा काळजीचा गोळा. तान्ही लेक शिंकली तरी काळजी, नाही शिंकली तरी काळजी.

राजा लढाईवर गेला. लढाईत हरलेल्या एका मांत्रिकाच्या खजिन्यातला सोन्याचा डबा त्याने राणीला पाठवला. मनात येई तो खाऊ त्यातून निघे. डब्यासोबत एक साळुंकी आली. तिने विचारलं, "राणी, भूक पोटाची की मनाची?"

"खाणाऱ्याला टोकू नये," राणी म्हणाली आणि करंजी उचलली.

राजाचं पत्र आलं नाही, की करंजी. लेक रडली, की चिवडा. लेक झोपली, की 'निजली बाई एकदाची' म्हणून बेसनाचा लाडू. मग इतकं खाल्लं म्हणून वाईट वाटे; वाईट वाटलं, की पुन्हा झाकण.

लेकीच्या उष्टावणाचा दिवस आला. चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने ओठांना लावली. लेकीने तोंड मिटलं. दुधालाही मिटलं. राजवैद्यांनी हात टेकले. राणीचा हात डब्याकडे गेला.

"भूक पोटाची की मनाची?"

"मनाची गं, मनाची!" राणी रडत म्हणाली.

"खरं बोललीस, आता मला पुढचं सांगता येईल. डबा शापित आहे. भूक नसताना यातला घास घेणारा आपल्या जिवलगाची भूक खातो."

राणीने तिथल्या तिथे उपास धरला. लगेच डब्यात साबुदाण्याची खिचडी आली, बटाट्याचा कीस आला, राजगिऱ्याचे लाडू आले. 'उपासाला चालतं' म्हणत राणीने सांजेपर्यंत दोन ताटं संपवली.

"एकादशी नि दुप्पट खाशी," साळुंकी म्हणाली. "उद्या तीनदा हात झाकणाकडे जाईल. तीनदा घटिकापात्र पाण्यात सोड. भोकातून पाणी भरून ते बुडेपर्यंत झाकण उघडू नकोस. आणि मनात काय सलतंय, त्याचं नाव घे."

सकाळी सीमेवरचा दूत रिकाम्या हाती आला. राणीने पात्र सोडलं. "भीती," ती म्हणाली. "महाराजांना काही झालं तर?" पात्र बुडालं. हात आपोआप मागे आला.

दुपारी म्हातारी दाई म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं. पोरं गपगुमान जेवायची." राणीने पात्र सोडलं, "राग" म्हणाली, पण पात्र अर्धंच भरलं आणि चकली तोंडात गेलीसुद्धा.

"झालं! सगळं मुसळ केरात. आता उरलेल्या नऊही खाते."

"एक चकली गेली, राणी. राज्य नाही गेलं. पात्र पुन्हा सोड."

राणीने पुन्हा सोडलं. या वेळी ते बुडालं.

सांजेला लेक मांडीवर मलूल पडली होती, ओठ मिटलेले. पात्र पाण्यावर डुलत होतं. राणीला नाव सुचेना. म्हणजे सुचत होतं, जीभ रेटत नव्हती.

"मला वाटतं," ती अखेर म्हणाली, "मी चांगली आई नाही."

पात्र गुडूप झालं. राणी पोटभर रडली. रडू दाबायला तोंडात काही घातलं नाही. रडू सरलं, तसं पोटात बारीक गुरगुरलं. कित्येक महिन्यांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

"साळुंके, ही पोटाची."

"मग उघड."

डब्यात मऊ वरणभात होता, वर तूप, कडेला लिंबाची फोड. राणी पाटावर बसली, सावकाश जेवू लागली. लेक घासामागून घास डोळ्यांनी मोजत राहिली. आणि एकाएकी तिने चिमणीच्या पिल्लासारखा आ वासला. राणीने बोटावर शीत कुस्करून भरवलं. लेकीने ते गिळलं आणि बोट चावलं. त्याच क्षणी सोन्याचा डबा पितळेचा झाला.

महिन्याने राजा जिंकून परतला. "राणी, डबा तर सोन्याचा होता!"

"आता त्यात चिवडा ठेवते. घ्या."

राजाने मूठ भरली. खिडकीतून आवाज आला, "महाराज, भूक पोटाची की मनाची?"

राणी खुदकन हसली. तिची लेक जशी आ वासून जेवली, तशी तुमच्या-आमच्या घरची पानं गोड होवोत; कहाणी इथे तृप्त झाली.