मूर्तीचा शेला

शिल्पकार नागोजाने घडवलेली सरस्वतीची मूर्ती पाहून राजा सिंहदेव इतका भारावला, की भर दरबारात त्याला शेला आणि सोन्याचं कडं द्यायचं ठरलं. तेवढ्यात गिरजा नावाची बाई पुढे आली.

"महाराज, माझा नवरा याच्यासोबत मूर्ती घडवायचा. तो आपल्याला मागे टाकेल या भीतीनं यानं त्याचा हात हातोड्यानं ठेचला. आधी न्याय करा."

मूर्ती अप्रतिम होती, हे मात्र नाकारता येत नाही. राजा म्हणाला, "बाई, कला वेगळी, कलावंत वेगळा. इथे आम्ही कलेचा मान करतोय."

"पटलं, महाराज. मग शेला मूर्तीच्याच खांद्यावर घाला आणि कडंही तिच्याच हातात."

दरबारात खसखस पिकली. राजाला स्वतःचा शब्द मोडता येईना. सेवक शेला घेऊन मूर्तीकडे वळला, तसा नागोजा कळवळून म्हणाला, "महाराज, मान माझा आहे. ती याच हातांनी घडवलीय."

"तेच म्हणतेय मी," गिरजा म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा हातही याच हातांनी ठेचलाय."

 मग राजाने मूर्तीला शेला पांघरवून देवळात पाठवलं, आणि नागोजाला त्याच दोन हातांत बेड्या घालून तुरुंगात.